धाड पडते, मग पुढे काय?

(कुटुंब समूहांच्या बैठकीसाठी अभ्यासलेख)



येत्या ८ फेब्रुवारीला संत जोसेफिन बखिता यांचा सण आहे. पोप फ्रान्सिस यांच्या काळात, २०१५ सालापासून, हा दिवस मानवी तस्करीविरुद्ध प्रार्थनेचा दिवस म्हणून जगभरच्या ख्रिस्तसभेत पाळला जातो. म्हणून या महिन्याच्या बैठकीसाठी हाच विषय घेतला आहे : वेश्याव्यवसायासाठी मुलींची होणारी खरेदीविक्री, आणि ती थांबवण्यासाठी पोलीस व न्यायालये काय करतात. 'फादर, लेकराबाळांसमोर असलं कसं वाचायचं?' असे कोणी म्हणेल. अगदी लहानांना झोपवून वाचा. पण बारा-तेरा वर्षांच्या मुलींना, आणि मुलांनाही, जवळ बसवा. दलालाची नजर त्याच वयावर असते.

बखितांचा जन्म १८६९ च्या सुमारास सुदानमधील दारफूर भागात झाला. सात-आठ वर्षांच्या असताना गुलामांच्या व्यापाऱ्यांनी त्यांना पळवले. पुढे त्या इतक्यांदा विकल्या गेल्या, इतका मार त्यांनी खाल्ला, की आईवडिलांनी ठेवलेले नावच त्या विसरल्या. 'बखिता' हे नाव पळवणाऱ्यांनी दिलेले. अरबीत त्याचा अर्थ 'नशीबवान'. एका इटालियन वकिलातीच्या अधिकाऱ्याने त्यांना विकत घेतले आणि शेवटी त्या इटलीत एका कुटुंबाकडे मुलीला सांभाळण्याच्या कामाला लागल्या. मालकीणबाई काही काळ परदेशी गेल्या तेव्हा बखिता व्हेनिसला कनोसा सिस्टरांकडे राहिल्या. मालकीण न्यायला परत आली, तर बखितांनी 'मी येणार नाही' म्हणून सांगितले. प्रकरण न्यायालयात गेले. २९ नोव्हेंबर १८८९ रोजी निकाल लागला : इटलीचा कायदा गुलामगिरी मानतच नाही, म्हणून ही स्त्री कायद्याने कुणाची गुलाम नव्हतीच. ती स्वतंत्र आहे, तिला हवे तिथे राहील. पुढच्या जानेवारीत त्यांचा बाप्तिस्मा झाला, नंतर त्या कनोसा सिस्टर झाल्या, आणि २००० साली त्यांना संतपद मिळाले.

निकालाचा गाभा नीट ध्यानात घ्या. न्यायालयाने 'आता आम्ही तुला सोडतो' असे म्हटले नाही. 'तुला बांधणारा दोर कायद्यात कधी नव्हताच' असे म्हटले. फक्त हे बखितांना इतकी वर्षे कोणी सांगितले नव्हते.

आता आपल्याकडे या. 'पिटा' हा शब्द तुम्ही पेपरात वाचला असेल : 'लॉजवर छापा, दोघांवर पिटा अंतर्गत गुन्हा'. हा १९५६ चा कायदा. भारताने ९ मे १९५० रोजी न्यूयॉर्क येथे एका आंतरराष्ट्रीय करारावर सही केली होती. त्या करारापोटी तो आला आणि १९८६ च्या दुरुस्तीत त्याला आजचे नाव मिळाले. मराठीत 'अनैतिक व्यापार प्रतिबंध कायदा'. कुंटणखाना चालवणे, त्यासाठी जागा देणे, दुसऱ्याच्या देहविक्रीवर पोट भरणे, मुलगी फूस लावून किंवा पैसे देऊन आणणे, तिला कोंडून ठेवणे हे सगळे या कायद्याने गुन्हे आहेत. मुलगी आणणाऱ्या दलालाला 'तिची संमती होती' असे म्हणून सुटता येत नाही. आणि ती अल्पवयीन असेल तर किमान सात वर्षांची सक्तमजुरी, सोळाच्या आतली असेल तर जन्मठेपेपर्यंत.

पण या कायद्यातले एक कलम आपल्या भागातल्या प्रत्येक माणसाला समजावे असे आहे. कलम ६. मी ते उसाच्या भाषेत सांगतो.

मुकादमाची उचल म्हणजे काय हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळते. दसऱ्याच्या आधी पैसे हातात येतात, नवराबायको मिळून एक कोयता मोजला जातो, आणि हंगाम संपला तरी हिशेबात काही ना काही फिरत राहते. कुंटणखान्यातही नेमकी हीच रीत आहे. दलाल मुलगी आणतो, घरवाली त्याला रक्कम देते, आणि ती रक्कम मुलीच्या नावावर चढते. वर कपडे, औषधपाणी, खोलीचे भाडे, पोलिसांना दिलेले पैसे, सगळे तिच्याच खात्यात. 'फिटेपर्यंत कर, मग जा.' ते कधी फिटत नाही. कारण वही घरवालीकडे असते, आणि मुलीला वाचता येत नसते किंवा वही दाखवलीच जात नाही.

कलम ६ काय म्हणते? तिचे दागिने, कपडे, पैसे अडकवून ठेवले किंवा 'तुझ्यावर केस करीन' अशी धमकी दिली, तर तिला कोंडून ठेवले आहे असेच कायदा धरून चालतो. आणि पुढे : ज्याने तिला असे ठेवले त्याला त्या तथाकथित कर्जासाठी तिच्यावर कोणताही दावा करता येत नाही. उचल बुडीत. बखितांच्या निकालासारखेच हे आहे : ते कर्ज कर्ज नव्हतेच. वेठबिगारीविरुद्धचा १९७६ चा कायदा मजुरांच्या बाबतीत हेच सांगतो. तरी किती बायका 'फिटू दे, मग जाते' म्हणत वर्षे काढतात! भिंत आणि कुलूप यांपेक्षा हा हिशेब त्यांना जास्त घट्ट बांधून ठेवतो.

आता धाड कशी पडते ते बघू. बहुतेक वेळा पोलीस बनावट ग्राहक पाठवतात, नोटांचे नंबर आधी लिहून ठेवतात, इशारा मिळाला की आत जातात. वॉरंट आणण्याइतका वेळ नसेल तर विशेष पोलीस अधिकारी वॉरंटशिवायही झडती घेऊ शकतो. पण बरोबर दोन प्रतिष्ठित पंच हवेत, त्यातली एक तरी स्त्री, आणि किमान दोन महिला पोलीस. जाबजबाब महिला पोलिसानेच घ्यायचा, ती नसेल तर मान्यताप्राप्त समाजसेवी संस्थेच्या महिला सदस्यासमोर. इथे माझी महिला मंडळाला एक विनंती आहे. कधी पोलिसांनी पंच म्हणून बोलावले तर 'आम्हाला कोर्टकचेरी नको' म्हणून पाठ फिरवू नका. पंच फितूर झाला किंवा साक्षीला आलाच नाही, की दलाल सुटतो. दार फोडायला पोलीस पुरतात. खटला टिकायला तुमच्या-माझ्यासारखे माणूस लागते.

दार फोडल्यानंतरचे काम किती अवघड असते, ते महाराष्ट्राने १९९६ साली पाहिले. त्या फेब्रुवारीत मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पोलिसांनी कामाठीपुऱ्यात मोठी धाड घातली. (कामाठी म्हणजे तेलंगणाकडून मुंबईत राबायला गेलेले मजूर. त्यांच्या वस्तीचे नाव पुढे कशाला चिकटले बघा.) चारशेहून अधिक मुली आणि स्त्रिया बाहेर काढल्या गेल्या. त्यांत दोनशेहून अधिक नेपाळच्या. आणि मग प्रश्न उभा राहिला : यांना ठेवायचे कुठे? सुधारगृहे इतक्या जणींसाठी तयार नव्हती. मुली महिनोन्महिने तिथे पडून राहिल्या. नेपाळचे सरकार त्यांना परत न्यायला राजी होईना. अखेर तिथल्या स्वयंसेवी संस्था पुढे आल्या आणि अनेक मुली मायदेशी गेल्या.

त्यांच्यातल्या एकीचे नाव जगाला माहीत आहे, कारण तिने ते स्वतः सांगितले : चरिमाया तामाङ. सोळाव्या वर्षी तिला विकले, बावीस महिने ती मुंबईत होती. घरी परतल्यावर गावाने तिला वाळीत टाकल्यासारखे केले. जिने काही केले नव्हते तिलाच खाली मान घालून चालायला लावले. पण तिने आपल्याला विकणाऱ्यांवर स्वतः फिर्याद केली. अशी फिर्याद करणारी नेपाळातली ती पहिलीच; १९९७ साली न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले. पुढे तिच्यासारख्याच परतलेल्या मुलींनी मिळून 'शक्ती समूह' ही संस्था उभी केली. त्या संस्थेला २०१३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्यांना घ्यायला आपले सरकार तयार नव्हते, त्याच मुली!

मुंबईतही त्या अनुभवातून शिकणारे लोक होते. कामाठीपुऱ्यातल्या बायकांच्या मुलांसाठी १९८६ पासून काम करणारी 'प्रेरणा' ही संस्था २००२ साली उच्च न्यायालयात गेली. सांताक्रूझच्या एका धाडीत सोडवलेल्या मुलींना नीट चौकशी न होता सोडून दिले जात होते, हा तिचा मुद्दा होता. सोडले की दाराबाहेर दलाल उभाच! न्यायालयाने त्या ऑक्टोबरात स्पष्ट नियम घालून दिले. पहिल्याच दिवशी वयाची खात्री करा. अठराच्या आतली असेल तर तिचे प्रकरण दंडाधिकाऱ्याने चालवायचे नाही, बाल कल्याण समितीकडे द्यायचे. घरची चौकशी झाल्याशिवाय तिला सोडायचे नाही, आणि 'मी मामा', 'मी मावशी' म्हणून येईल त्याच्या हाती द्यायचे नाही. दलालाचा किंवा घरवालीचा वकील त्याच खटल्यात मुलीचा वकील होऊ शकत नाही. हा शेवटचा नियम लिहावा लागला, यावरूनच काय चालत होते ते कळते. पुढे २००८ साली मुंबईत या गुन्ह्यांसाठी खास न्यायालयही सुरू झाले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी ऐकून तुमच्यापैकी काहींना धक्का बसेल. आपल्या देशात वेश्याव्यवसाय हा स्वतःहून गुन्हा नाही. सज्ञान स्त्री एकटी, खाजगीत हे करत असेल तर कायदा तिला शिक्षा देत नाही. शिक्षा आहे ती तिच्यावर जगणाऱ्यांना, आणि उघड्यावर गिऱ्हाईक बोलावण्याला. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तीन सज्ञान स्त्रियांना सुधारगृहातून मुक्त केले ते याच कारणाने : त्या आरोपी नव्हत्या, तर त्यांच्या मनाविरुद्ध त्यांना वर्षभर कोंडायचे कसे? मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की पोलिसांनी अशा स्त्रियांशी माणुसकीने वागावे, सुधारगृहांत इच्छेविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान स्त्रियांची पाहणी करून त्यांना मोकळे करावे, आणि धाडीत सापडलेल्यांची नावे, फोटो छापू नयेत.

मग ख्रिस्तसभा याला बरे म्हणते का? नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने वेश्याव्यवसाय आणि स्त्रिया-मुलांची विक्री यांची गणना मानवी जीवनाला काळिमा फासणाऱ्या गोष्टींमध्ये केली आहे. पण पाप आणि गुन्हा यांची मापे वेगळी असतात. प्रत्येक पापाला तुरुंग नसतो, आणि जिला ढकलले गेले तिच्या वाट्याचे पाप किती, हे मोजायला आपल्याला कोणी बसवलेले नाही. ख्रिस्ती शिकवण गिऱ्हाइकालाही पापी म्हणते, हे आपण सोयीने विसरतो. कायदाही विसरला आहे. पिटाचे कलम ८ बघा : रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावल्याबद्दल स्त्रीला पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, तोच गुन्हा पुरुषाने केला तर सात दिवस ते तीन महिने. हा फरक मला कधीच पटलेला नाही.

आणखी एक वाक्य पारावर ऐकू येते : 'त्या बाया आहेत म्हणून आपल्या लेकीबाळी सुरक्षित आहेत.' हा विचार आजचा नाही. संत ऑगस्टीन यांनीही ३८६ साली, बाप्तिस्म्याच्या आधी, असेच काहीसे लिहिले होते, आणि संत थॉमस अक्वायनस यांनी नऊशे वर्षांनी त्याचा आधार घेतला. सेमिनरीत हा उतारा आला तेव्हा आमच्या वर्गात मोठी चर्चा झाली होती. एवढे मोठे आचार्य, पण इथे त्यांचे म्हणणे मला मान्य होत नाही. 'त्या बाया' कुणाच्या लेकीबाळी असतात? विहिरीत कुणाला तरी ढकलल्याशिवाय आपले घर सुरक्षित राहत नसेल, तर ती सुरक्षितता ख्रिस्ती माणसाची नव्हे.

उत्पत्तीच्या पुस्तकातला योसेफ आठवा. वीस रुप्याच्या नाण्यांना त्याला विकणारे परके नव्हते, त्याचेच भाऊ होते. आणि बापाला रक्ताने माखलेला झगा दाखवून गप्प केले. याकोब रडला, पण शोधायला कोणी गेले नाही.

आपल्याकडे तो झगा वेगळ्या रूपात येतो. 'पोरगी पळून गेली.' एवढे तीन शब्द पुरतात. मग अब्रूच्या भीतीने घरचे तोंड मिटतात, पोलीस ठाण्याची पायरी चढत नाहीत. पहिले दोन-तीन दिवस, जेव्हा मुलगी सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त असते, ते असेच जातात. परभणीवरून रात्री निघणारी गाडी सकाळी मुंबईला पोहोचते, एवढा कमी वेळ असतो. म्हणून सांगतो : सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये आदेश दिला आहे की हरवलेल्या प्रत्येक मुलाची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचा, आणि तिला पळवले किंवा विकले असावे असे धरूनच तपास करायचा. 'चोवीस तास वाट बघा', 'नातेवाइकांकडे बघून या' असे कोणी म्हटले तर त्या आदेशाची आठवण द्या. तुमच्या हद्दीतले ठाणे नसले तरी तक्रार घ्यावीच लागते. मुलगी प्रेमात पडून गेली असेल तरीही तक्रार करा. प्रेमाचे नाटक हीच दलालाची सर्वांत जुनी युक्ती आहे, आणि आता त्याला ती मोबाइलवर खेळता येते.

अनोळखी माणूस काळ्या गाडीतून येतो असे सिनेमात असते. खरा माणूस ओळखीचा असतो. लांबची मावशी, शेजारच्या गावचा मुकादम, मुंबईत 'घरकामाला' किंवा 'ब्यूटी पार्लरला' लावतो म्हणणारा कुणी. कधी तो परप्रांतातले स्थळ घेऊन येतो : हुंडा नको, उलट लग्नाचा खर्च आम्ही देऊ. ज्या घरात तीन मुली आणि कोरडा कापूस आहे, तिथे हे देवदूताचे बोलणे वाटते. पैसे मुलीकडून वराकडे न जाता वराकडून बापाकडे आले, म्हणजे ते लग्न नीट तपासून बघायला हवे. आणि कोयत्याच्या जोडीसाठी किंवा 'हंगामात तिला कुणाकडे ठेवायचे' या काळजीने अठराच्या आत उरकलेली लग्ने? ती काळजी खरी आहे, मी ती हसण्यावारी नेत नाही. पण अशा लग्नातून टाकून दिलेली सतरा वर्षांची मुलगी दलालाला सर्वांत स्वस्त पडते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. माणसांच्या तस्करीचे कलम तिच्यात १४३ आहे. किमान सात वर्षे, अल्पवयीन असेल तर किमान दहा, आणि तस्करीत स्वतः पोलीस किंवा सरकारी नोकर सामील असेल तर मरेपर्यंत तुरुंग. पीडितेची संमती इथेही विचारात घेतली जात नाही. कायदा कमी कडक आहे असे म्हणायला जागा नाही. फिर्याद देणारे कमी आहेत.

आणि परत आलेली? तिच्यासाठी कलम नाही. कुटुंब समूहात याच प्रश्नावर जास्त वेळ द्या. अशी मुलगी आपल्या धर्मग्रामात परत आली तर पाण्याच्या टाकीवर तिच्याशेजारी कोण उभे राहील? मिस्साला ती कोणत्या बाकावर बसेल, आणि त्या बाकावर आणखी कोणी बसेल का? तिच्या धाकट्या बहिणीचे लग्न मोडेल का? उत्तरे खरी द्या, मला ऐकायला बरी वाटतील अशी नकोत.

काही व्यवस्था. आपली काही कुटुंबे अजून कारखान्यावरून परतलेली नाहीत. मिस्सानंतर कार्यालयात एक वही ठेवली आहे. कोणते कुटुंब कोणत्या कारखान्यावर, कोणत्या मुकादमाबरोबर गेले आहे, बरोबर कोणती मुले आहेत, मागे कुणाकडे कोण राहिले आहे, आणि एक फोन नंबर, एवढेच त्यात लिहायचे आहे. कामासाठी मुंबई-पुण्याला जाणाऱ्या मुलामुलींची नावेही लिहा, नेणाऱ्याच्या नावासह. खरा माणूस आपले नाव लिहून द्यायला कचरत नाही. वही सिस्टरांच्या ताब्यात राहील, ती इतर कोणाला दाखवली जाणार नाही. हंगामात आईवडिलांविना राहणाऱ्या मुलींच्या मुक्कामाची सोय करता येईल का, यावर पालकीय समिती पुढच्या बैठकीत बोलणार आहे. ज्यांच्या घरी जागा आहे त्यांनी त्याआधी मला भेटावे. तातडीच्या वेळी पोलिसांसाठी ११२, मुलांसाठी १०९८ आणि स्त्रियांसाठी १८१ हे नंबर फुकट लागतात. घराच्या दाराआड खडूने लिहून ठेवा, म्हणजे वाचायला शिकलेले लेकरूही लावू शकेल.

तुमचा,
फादर